देवापुढची कबुली

लॉन्ड्रीत तिला सगळे शिलाईताई म्हणत. शहरातल्या दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले तिथे धुवायला येत, आणि त्यातलं जे काही फाटलेलं निघे ते तिच्या टेबलावर येऊन पडे. दिवसभर मशीन चालवायची, ठिगळं लावायची, नाड्या बदलायच्या. रविवारी चर्चमध्ये गायनवृंदात दुसऱ्या रांगेत उभं राहून गायचं. आवाज फार मोठा नव्हता, पण सुराला पक्का होता.

तिचा थोरला भाऊ त्याच लॉन्ड्रीत बॉयलर सांभाळायचा. सतत वाफेत वावरणारा म्हणून त्याला नाव पडलं होतं वाफ्या. तो चर्चला जात नसे. लहानपणी जायचा, बहिणीच्या शेजारी बसून गायचाही. मग आई अंथरुणाला खिळली. मंडळीतली माणसं येत, खाटेभोवती उभं राहून प्रार्थना करत आणि जात. वाफ्या तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेला. आईची पाठ पुसायची, कूस बदलायची, भांडं धुवायचं, हे सगळं तोच करायचा. आई गेल्यावर तो एकदाच बोलला, "प्रार्थना करणारे ढीगभर होते गं. पाठ पुसायला कोणी नव्हतं." त्यानंतर तो चर्चची पायरी चढला नाही. देव आहे असं त्याला वाटतच नव्हतं, आणि तो ते लपवतही नव्हता. शिलाईताई त्याच्यासाठी रोज प्रार्थना करायची. तो म्हणायचा, "कर बाई, फुकट आहे."

त्या हिवाळ्यात लॉन्ड्रीला कामाचा पूर आला होता. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा उडायचा. दाब वाढला की वाफ बाहेर सोडणं हेच त्याचं काम, पण वाफ गेली की इस्त्रीचे रोलर थंड पडायचे आणि काम खोळंबायचं. वाफ्या म्हणत होता, दाब कमी ठेवा, बॉयलर म्हातारा झालाय. मॅनेजर म्हणत होता, माल वेळेत गेला पाहिजे. शेवटी एका सकाळी मॅनेजर स्वतः पान्हा घेऊन बॉयलरच्या खोलीत आला आणि व्हॉल्व्ह उडणारच नाही इतका आवळून गेला. वाफ्याने त्याच्या तोंडावर सांगितलं, "साहेब, हे बरं नाही." साहेब म्हणाला, "तुला काम करायचंय की नाही तेवढं सांग." इस्त्रीच्या हॉलमधल्या बायकांनी दारातून हे सगळं ऐकलं, शिलाईताईनेही.

दुपारी वाफेचा मोठा पाइप जोडावर फुटला. तो नेमका इस्त्रीच्या हॉलच्या तोंडाशीच. बायका आत अडकल्या. पांढऱ्या वाफेत समोरचा हात दिसेना, नुसत्या किंकाळ्या. वाफ्या बाहेर अंगणात होता. त्याला पळून जायला मोकळी जागा होती. तो उलटा आत शिरला, ओली पोती हाताला गुंडाळून बॉयलरच्या मुख्य चाकापर्यंत गेला आणि ते फिरवून वाफ बंद केली. बायका खोकत, रडत, एकमेकींना धरून बाहेर आल्या. कोणाचा हात भाजला, कोणाचा पाय. जीव सगळ्यांचा वाचला. वाफ्याला मात्र उचलून आणावं लागलं.

दवाखान्यात तो काही दिवस काढू शकला. त्याच लॉन्ड्रीत धुतलेल्या चादरीवर झोपला होता, आणि हे त्याच्याच लक्षात आलं. "आपलाच माल आहे बघ," तो बहिणीला म्हणाला.

चर्चचे पाळकसाहेब त्याला भेटायला आले. माणूस मनाने वाईट नव्हता. उंच, किडकिडीत, नेहमी थोडा वाकून बोलणारा. खाटेशी बसून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "अजून वेळ गेलेली नाही. प्रभूचा स्वीकार करशील? एक शब्द पुरे."

वाफ्याचे ओठ सुजले होते. तरी तो हसल्यासारखं करून म्हणाला, "पाळकसाहेब, अख्खी नोकरी आगीशेजारी केली. मला आगीची भीती घालू नका."

"भीती नाही घालत रे. प्रेमाने विचारतोय."

"मग प्रेमाने ऐका. आता घाबरून हो म्हटलं, तर ते खोटं होईल. तुमचा देव असलाच, तर त्याला खोटं आवडत नसेल ना?"

शिलाईताई उशाशी उभी होती. तिला वाटत होतं, दादा, म्हण ना हो, माझ्यासाठी म्हण. पण तिच्या तोंडून शब्द फुटला नाही, कारण दादा आयुष्यात कधी कोणासाठी खोटं बोलला नव्हता आणि ते तिला ठाऊक होतं.

दोन दिवसांनी तो गेला. वहिनी, म्हणजे वाफ्याची बायको, तीही त्याच्यासारखीच देव न मानणारी. पण नणंदेचं मन राखायला तिने दफनविधीला होकार दिला. कबरीशी पाळकसाहेब उभे राहिले आणि त्यांनी विधी वाचला. गायनवृंदात वर्षानुवर्षं गायलेल्या शिलाईताईला त्या विधीचा शब्द न् शब्द पाठ होता. एका जागी तिने मान वर केली. जिथे मृताच्या पुनरुत्थानाची खात्रीची आशा सांगायची, ती वाक्यं पाळकसाहेबांनी गाळली. पान उलटलं आणि थेट पुढच्या प्रार्थनेवर गेले. बाकी कोणाच्या लक्षातही आलं नाही. तिला मात्र कोणीतरी भर रस्त्यात मुस्कटात मारल्यासारखं झालं.

माणसं पांगल्यावर तिने त्यांना गाठलं. "तुम्ही मधलं वाचलं नाहीत."

पाळकसाहेबांनी नजर चुकवली नाही. "नाही वाचलं. ती वाक्यं विश्वासात मरणाऱ्यांसाठी आहेत. त्याने माझ्यासमोर नकार दिला. कबरीवर उभं राहून मी खोटं कसं बोलू?"

"म्हणजे तो नरकात गेला?"

"न्याय करणारा मी कोण? पण तारणाची वाट एकच आहे, आणि तो त्या वाटेने गेला नाही."

"तो वाफेत गेला," ती म्हणाली. "बायका बाहेर काढायला." आणि तिथून चालू पडली.

मग चौकशी झाली. चौकशी अधिकाऱ्यापुढे मॅनेजरने सांगितलं की व्हॉल्व्ह सांभाळणं बॉयलरवाल्याचं काम, तो कोणी आवळला ते आपल्याला माहीत नाही, माणूस हेकट होता, स्वतःच्या मनाने काहीतरी करत असे. इस्त्रीच्या हॉलमधल्या बायकांना विचारलं तेव्हा सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. प्रत्येकीला घर होतं, आणि नोकरी ही एकच. शिलाईताईने जे ऐकलं होतं ते सांगितलं, तर अधिकारी सौजन्याने म्हणाला, "बाई, तुम्ही बहीण आहात. तुमचं दुःख समजतं." निकाल लागला की अपघात बॉयलरवाल्याच्या हलगर्जीपणामुळे झाला. ज्याने जीव दिला, त्याच्याच डोक्यावर खापर फुटलं. गल्लीतली माणसं वहिनीला बघून बोलणं थांबवू लागली.

शिलाईताई तरीही रोज त्याच लॉन्ड्रीत जाऊन मशीनवर बसत होती. मॅनेजर तिच्या टेबलाजवळून जाणं टाळायचा. दोन खोल्यांना वळसा घालून जायचा, पण तिच्यासमोरून नाही.

उन्हाळा लागताना चर्चची झाडलोट करणाऱ्या काकांनी तिच्याकडे बाप्तिस्म्याचा पांढरा झगा दुरुस्तीला आणून दिला. "खांद्यात जरा सैल कर," ते म्हणाले. "या वेळचा माणूस चांगला भरदार आहे."

"कोण आहे?"

काका चाचरले. "तुला सांगितलं नाही कोणी? तुमचा मॅनेजर. गेले कितीतरी दिवस पाळकसाहेबांकडे येतोय. ढसाढसा रडतो म्हणे. या रविवारी बाप्तिस्मा."

झगा तिच्या मांडीवर तसाच राहिला. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला त्या क्षणी कळलं. झगा घडी करून पिशवीत टाकला आणि ती तडक पाळकांच्या खोलीवर गेली. ते प्रवचन लिहीत बसले होते.

"मॅनेजरने तुम्हाला काय सांगितलं?"

"बस आधी."

"मी बसायला नाही आले."

पाळकसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "एकांतात केलेली कबुली मी कोणाला सांगू शकत नाही. एवढंच म्हणतो, त्याने देवापुढे आपलं पाप मान्य केलंय. त्याचा पश्चात्ताप खरा आहे. मी डोळ्यांनी पाहिलाय."

"देवापुढे!" तिचा आवाज चढला. "अहो, देवाला आधीच सगळं माहीत असतं. त्याला सांगायला काय हिंमत लागते? चौकशीवाल्याला माहीत नाही, त्याला सांगितलं का? माझ्या वहिनीला सांगितलं?"

"ते तो करेल, अशी मी आशा करतो. पण कृपा ही काही अट घालून मिळत नाही, ताई. आधी चांगला हो, मग तुला क्षमा, असं देव म्हणत नाही. येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरच्या त्या चोराकडे बघ. शेवटच्या घटकेला त्याने नुसती विनवणी केली आणि त्याला स्वर्ग मिळाला."

शिलाईताई हा प्रसंग लहानपणापासून ऐकत आली होती. त्या दिवशी तिने तो पहिल्यांदाच रागाने ऐकला. "नुसती विनवणी? त्या चोराने आधी काय केलं? सगळ्या गर्दीसमोर ओरडून सांगितलं, की मी गुन्हेगार आहे आणि हा शेजारचा माणूस निर्दोष आहे. मग मागितलं जे मागायचं ते. तुमच्या मॅनेजरने उलटं केलं. शेजारच्याला गुन्हेगार ठरवलं आणि स्वतः स्वर्गाच्या रांगेत येऊन उभा राहिला!"

पाळकसाहेबांनी प्रवचनाचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "तू दुखावली आहेस."

"मी दुखावलेली नाही. मी चिडलेली आहे. दोन्हीत फरक असतो."

घरी येऊन तिने झगा शिवला. शिवणार नाही, असं वाटेत दहादा मनात आलं होतं. पण दुसऱ्याच्या अंगावर धड न बसणारा कपडा जाऊ देणं तिला जमलंच नसतं, माणूस कसलाही असो. खांद्यात सैल केलं, दुहेरी टाका घातला. सुई मात्र इतक्या जोरात ओढत होती की दोनदा दोरा तुटला.

रविवारी चर्च भरलं होतं. नवा माणूस मंडळीत येणार, त्यात हुद्द्याचा, म्हणून लोक उत्सुक होते. शिलाईताई दुसऱ्या रांगेत आपल्या जागी उभी. पांढऱ्या झग्यातला मॅनेजर पुढे आला. चेहरा उतरलेला, डोळे ओले. आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला तो उभा राहिला, आणि ते नाटक नव्हतं हे तिलाही दिसत होतं. म्हणूनच तिला जास्त चीड आली.

"माझ्या मनावर फार मोठं ओझं होतं," तो म्हणाला. "एका माणसाच्या मरणाचं ओझं. मला झोप लागत नव्हती. पण प्रभूने ते ओझं माझ्यावरून उचललं आणि खोल समुद्रात फेकून दिलं. आज मी कापसासारखा हलका झालोय."

कोणीतरी "आमेन" म्हणालं. मग आणखी कोणीतरी. बायका डोळे पुसू लागल्या.

"कोणाच्या मरणाचं?"

गायनवृंदातून आवाज आला तेव्हा लोकांना आधी कळलंच नाही की कोण बोललं. शिलाईताई रांगेतून बाहेर आली होती.

"सांगा ना. कोणाच्या मरणाचं ओझं? माझ्याच भावाचं ना?"

"ताई, खाली बस," पाळकसाहेब हलकेच म्हणाले.

"नाही बसत. आयुष्यभर बसले." ती मॅनेजरकडे वळली. "साहेब, ते ओझं समुद्रात नाही गेलेलं. तुम्ही ते माझ्या दादाच्या कबरीवर नेऊन टाकलंय. व्हॉल्व्ह तुम्ही आवळलात. तुमच्या हाताने. आणि चौकशीत त्याला हलगर्जी म्हणालात. तो तिथे उठून बोलू शकत नाही, म्हणून म्हणालात. तुम्ही हलके झालात, कारण जड तो झाला!"

चर्चमध्ये चिडीचूप. मागच्या बाकावर इस्त्रीच्या हॉलमधली एक बाई बसली होती. हातावर भाजल्याचा डाग अजून लाल. ती उभी राहिली, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि रडत पुन्हा खाली बसली.

पाळकसाहेबांनी मॅनेजरकडे बघितलं. "ही म्हणते ते खरं आहे?"

मॅनेजरने ओठ ओले केले. मग तो म्हणाला, "वकिलाने मला त्या विषयावर बोलू नका म्हणून सांगितलंय."

इतका वेळ दाटून राहिलेल्या शांततेत कोणीतरी फिसकन हसलं. शिलाईताईला हसू आलं नाही. तिने विचारलं, "देवाची माफी मागायची परवानगी वकिलाने दिली वाटतं?"

तिला वाटलं, आता तरी पाळक थांबतील. पाळकांचा हात पाण्याच्या पात्रावर थबकलाही. पण मग ते खोल आवाजात म्हणाले, "बाप्तिस्मा चांगल्या माणसांसाठी नसतो. चांगल्यांना त्याची गरज कुठे?" आणि त्यांनी मॅनेजरच्या डोक्यावर पाणी ओतलं. तो गुडघ्यांवर बसून लहान मुलासारखा रडत होता. शिलाईताई मधल्या वाटेने, सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत, बाहेर पडली.

सोमवारी लॉन्ड्रीच्या मालकाने निरोप पाठवला, की ताईंनी काही दिवस घरी विश्रांती घ्यावी. म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. गायनवृंदाच्या बाईही येऊन म्हणाल्या, "थोडं शांत होऊ दे, मग ये." ती म्हणाली, "कोणी शांत व्हायचं? मी की तुम्ही?"

ती वहिनीकडेच शिवणकाम घेऊन बसू लागली. वहिनीला सगळा वृत्तांत कळला होता. ती म्हणाली, "तुमचं देवाचं गणित मला काही कळत नाही. ज्याने मारलं तो आत, ज्याने वाचवलं तो बाहेर. आणि दरवान म्हणतो, दार प्रेमाने बांधलंय." शिलाईताईलाच तर ते देवाला विचारायचं होतं. रोज विचारत होती. हात जोडून नाही, कंबरेवर ठेवून.

एका संध्याकाळी मॅनेजर दारात उभा राहिला. एकटाच. बारीक झाला होता. वहिनीने त्याला आत घेतलं, पण खुर्ची पुढे केली नाही.

"मला क्षमा करा," तो वहिनीला म्हणाला. "पाळकसाहेब म्हणतात देवाने मला क्षमा केलीय. पण ती मला जाणवत नाहीये. त्या दिवसापासून घास उतरत नाही."

वहिनी म्हणाली, "मला देवातलं काही समजत नाही. पण माझी मुलगी शाळेत जाते. तिच्या बापामुळे बायका भाजल्या, असं तिला पोरी म्हणतात. तुमच्या देवाने तुम्हाला क्षमा केली, तेव्हा त्याने माझ्या मुलीला विचारलं होतं का?"

"मी बोललो तर तुरुंगात जाईन. मलाही मुली आहेत हो."

"मग त्यांना बापाबद्दल खरं काय ते कळेल," शिलाईताई म्हणाली. "माझ्या भाचीला तेवढंही मिळालं नाही."

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "मी खरं सांगितलं, तर तुम्ही दोघी मला माफ कराल?"

शिलाईताई ताडकन उठली. "सौदा करायला आलात? इथेही? तुम्हाला सगळं आधी हातात पाहिजे. स्वर्गही आधी, माफीही आधी. आम्ही काही देत नाही. जायचं तर जा, नाहीतर नका जाऊ."

तो गेला. आणि ज्याची तिने अजिबात आशा ठेवली नव्हती ते घडलं. तो खरंच चौकशी अधिकाऱ्याकडे गेला. पाळकसाहेब त्याच्यासोबत गेले, बाहेरच्या बाकावर बसून राहिले. व्हॉल्व्ह मी आवळला, बॉयलरवाल्याने मला अडवलं होतं, मी खोटं बोललो, असं त्याने वकिलाला बाजूला सारून सांगितलं. एकाने तोंड उघडल्यावर इस्त्रीच्या बायकांचीही कुलुपं निघाली. जिने चर्चमध्ये उठून पुन्हा बसकण मारली होती, ती सगळ्यात आधी गेली. निकाल बदलला. वाफ्यावरचा डाग पुसला गेला. मॅनेजरला शिक्षा झाली.

वहिनी त्या दिवशी मुलीला जवळ घेऊन खूप रडली. शिलाईताईला रडू आलं नाही. तिचा राग निवला नव्हता, फक्त त्याला आता जायला जागा उरली नव्हती.

पाळकसाहेब तिला भेटायला आले. वाकून, नेहमीसारखे. "मी चुकलो," ते म्हणाले. "त्याला बाप्तिस्म्याचं पाणी देण्यात नाही. ते मी पुन्हाही देईन. पण ते देण्याआधी मी त्याला तुमच्या दारात आणायला हवं होतं."

"आणि दादाचं काय?"

त्यांनी मान खाली घातली. "मला माहीत नाही. एवढी वर्षं मी माहीत असल्यासारखं बोलत आलो. त्याच्याबद्दल विचार करायला लागलो की मला माझंच प्रवचन पटत नाही, आणि ते सोडताही येत नाही."

"हे तुम्ही व्यासपीठावरून सांगाल?"

ते जायला उठले. तिनेही जास्त ताणून धरलं नाही. म्हणाली, "ठीक आहे. मी तुम्हाला विचारतच नाहीये. ज्याला विचारायचं त्याला विचारतेय. त्याने दादाला बाहेर उभं केलं असेल, तर उत्तर त्याला द्यायचंय, दादाला नाही."

काही आठवड्यांनी ती चर्चला पुन्हा जाऊ लागली. गायनवृंदात नाही, मागच्या बाकावर. उपासनेच्या शेवटी पाळकसाहेबांनी तुरुंगातल्या बंधूसाठी प्रार्थना केली, त्याला धीर मिळो, त्याच्या मुलींना आधार मिळो. सगळी मंडळी एका आवाजात "आमेन" म्हणाली.

शेजारी ती डाग असलेल्या हाताची बाई बसली होती. तिने कोपराने हळूच ढोसलं. "तू आमेन नाही म्हणालीस?"

"मुलींसाठी म्हटलं," शिलाईताई म्हणाली. "मनातल्या मनात."

"आणि त्याच्यासाठी?"

"देवाने केली असेल त्याला माफी. तो देव आहे, त्याला जमतं." तिने शाल खांद्यावर ओढली. "मला अजून जमत नाही. आणि आज मला जमवायचंही नाही."